ओवाळणीचं कार्ड

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड कोणतं घ्यायचं हे ठरवायला चैताली ओव्हाळनं बारा दिवस घालवले. कॅमेरा तिनं दोन वर्षांपूर्वी जुना घेतला होता, तोसुद्धा इतके दिवस न लावता. घोरावाडी स्टेशनच्या मागच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिथं खिडकीत बसून ती फोनवर एकामागून एक व्हिडिओ बघत होती आणि वहीत लिहून काढत होती. तिचे वडील विठ्ठल रेल्वेत कीमन होते, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकायचे, गेल्या वर्षी रिटायर झाले. ते शेवटी म्हणालेच, "येवढूशा नखायेवढ्या वस्तूचं काय येवढं? बायकू शोधायला मी येवढा टाइम न्हाई घालवला."

"ते दिसतंय," आतून तिची आई चंपाबाई म्हणाल्या.

पण चैतालीला कळत होतं ती काय शोधतेय ते. बैलगाडा शर्यतीत गाडा घाटाच्या, म्हणजे धावपट्टीच्या, चढाला सुटला की त्याची बारी, म्हणजे सगळा खेळ, अकरा-बारा सेकंदांचा. तेवढ्यात बटण दाबून धरलं तर कॅमेरा सेकंदाला आठ फोटो काढतो. पण आतलं कार्ड मंद असलं, की फोटो साठवता साठवता कॅमेरा अडून बसतो. बाजूचा लाल दिवा लुकलुकत राहतो आणि तोवर बैल निशाणाखालून पार झालेले असतात. तिच्याकडची दोन्ही जुनी कार्डं तशीच होती. पाकिटावर ठसठशीत छापलेला आकडा वाचायच्या वेगाचा असतो, लिहायचा वेग त्याहून कमी आणि कुठंतरी बारीक अक्षरात, हेही तिला आता समजलं होतं. तिनं ठरवलं: चौसष्ट जीबीचंच, पण चांगल्यातलं, आणि पुण्याला जाऊन बिल घेऊन घ्यायचं.

एवढा खटाटोप होता कारण उर्से टोलनाक्याच्या पलीकडच्या एका गावानं यंदा यात्रेतल्या शर्यतींचे फोटो काढायचं काम तिला दिलं होतं. तिला, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावानं. यात्रा कमिटीतले निवृत्तीभाऊ फोनवर म्हणाले होते, "गेल्या साली तू काढल्याले फोटू सगळ्या मावळात फिरले गं. कैलासनं न्हाई काढले तसले कवा. ह्या वर्साला तूच ये."

कैलास म्हणजे कैलासदादा. लोणावळ्याच्या बाजारात त्याचा स्टुडिओ. बारावी झाल्यावर पासपोर्ट फोटो कापायला म्हणून चैताली तिथं लागली आणि पाच वर्षांत त्यानं तिला सगळं शिकवलं. उजेड कसा वाचायचा, नवरीच्या काकांना रागावू न देता बाजूला कसं करायचं, सगळं. घाटावर तिला पहिल्यांदा त्यानंच नेलं. चार-पाच हजार माणसांत बाई एकटी तीच. कुणीतरी विचारलं, ही कुणाची, कुठली? तेव्हा कैलासदादा मोठ्यानं म्हणाला होता, "माझी बहीण आहे. काय अडचण?" त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. त्या वर्षापासून ती त्याला राखी बांधत होती.

म्हणून निवृत्तीभाऊंचा फोन आला, तेव्हा आईवडिलांच्याही आधी तिनं लोणावळा गाठून दादाला सांगितलं. ते काम गेली पंधरा वर्षं त्याचं होतं. सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. कैलासदादा थोडा वेळ हातातली लेन्स पुसत राहिला. मग हसला. "अगं, तोंड काय पाडतेस? मला बरंच झालं. त्याच दिवशी खंडाळ्याला एका बंगल्यावर साखरपुडा आहे माझा. म्हणजे माझा नाही, पार्टीचा." आणि त्यानं समोरून दोन वडापाव मागवले.

कार्डाचं ठरल्यावर तेही तिनं पुन्हा लोणावळ्याला जाऊन त्यालाच दाखवलं. वही उघडून, सगळी अक्षरं-आकडे समजावून. त्यानं ती पानं उलटली आणि वही मिटून तिच्या हातात दिली.

"चौसष्ट? दिवसभराच्या पन्नास-साठ बाऱ्या, आणि चौसष्ट? पुरायचं नाही."

"पुरतंय दादा, मी हिशोब केलाय. आणि वेग..."

"थांब." तो आतल्या खोलीत गेला आणि एका प्लास्टिकच्या डबीत नारंगी रंगाचं कार्ड घेऊन आला. "एकशे अठ्ठावीस. तू म्हणतेस त्याच वेगाचं. माझ्यासाठी मागवलं होतं, पाकीट फोडलंय फक्त. घे."

"नको दादा. मी घेते ना पुण्याहून."

"भाऊबीजेची ओवाळणी राहिली होती ना? ती समज. भावाचं काही घ्यायचं नाही असं ठरवलंयस का आता, मोठी झालीस म्हणून?"

तिनं डबी दोन्ही हातांत घेतली आणि वाकून पाया पडली.

घरी येऊन तिनं दहा-बारा फोटो काढून पाहिले. सुरेख आले, कॅमेरा अडलाही नाही. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून तपासून घ्यावं असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. वहीतही लिहिलं होतं. पण दुकानातून आणलेली वस्तू तपासायची; ही तर ओवाळणी. तिनं कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि जुनी दोन्ही कपाटात ठेवून दिली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सातलाच ती घाटावर पोचली. चैत्रातलं ऊन आठ वाजताच पाठीला लागत होतं. गाडे येत होते, बैलांच्या अंगावर गुलाल, लाउडस्पीकरवर नावं पुकारली जात होती. धर्मशाळेच्या भिंतीजवळ मारुतीआबांचा टेम्पो उभा होता. आबा पंचाहत्तरीचे, गावातले जुने गाडामालक. त्यांचा पाखऱ्या हा पांढरा बैल नऊ वर्षं याच घाटात पळत होता. आबांनी तिला हाक मारली.

"ये बाय. ह्याला बगून घे नीट. ही शेवटची बारी हाय त्याची. डॉक्टर म्हनला आता पळवू नगा, आन् मलाबी दिसतंय."

"तरी पळवताय आबा?"

"त्यो ऱ्हात न्हाई ना. भोंगा ऐकला का दावं तोडतो." आबांनी बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी चोळली. "एक फोटू पायजे मला. चारी पाय वर. जिमिनीला कायबी लागल्यालं नगं. मोठा करून घरात लावतो, म्हंजी माझ्या मागारी पोरास्नी दिसंल, ह्यो असा पळायचा."

"काढते आबा," ती म्हणाली. असं खात्रीनं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पाखऱ्याची बारी दुपारी चारच्या पुढं लागली. तोवर तिनं चाळीसच्या वर गाडे टिपले होते, धुळीनं पापण्या जड झाल्या होत्या. निशाणाजवळ एक गुडघा टेकून ती बसली, तेव्हा समोरच्या बाजूला, घाटाच्या पलीकडं, तिला ओळखीची टोपी दिसली. कैलासदादा. गळ्यात कॅमेरा. त्यानं हात वर केला. साखरपुडा लवकर उरकला वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला आनंदच झाला. दादा बघायला आला.

मग आरडाओरडा उठला आणि गाडा सुटला. पाखऱ्या पुढच्या जोडीत उजवीकडं होता. तिनं बटण दाबून धरलं. कॅमेरा अडला नाही. बैल तिच्या समोरून गेले तेव्हा जमीन हादरली, आणि पुढच्याच क्षणी कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेवटचा फोटो आपोआप उमटला: पाखऱ्या सबंध हवेत, चारी पाय पोटाशी, खाली त्याची सावली आणि दोघांच्या मधे नुसता उजेड. दोन सेकंद तो फोटो राहिला आणि गेला. पुढचा गाडा लागलाच होता. आबा लांबून हातानं विचारत होते, मिळाला का? तिनं अंगठा वर केला.

संध्याकाळी दिवेलागणीला तिनं कार्ड लॅपटॉपला लावलं. आई चहा ठेवत होती. सकाळचे फोटो भराभर उघडले. साडेदहापर्यंतचे सगळे ठीक. त्याच्या पुढच्या एकावर अर्धी राखाडी पट्टी आली, त्याच्या पुढचा उघडलाच नाही. त्याच्या पुढचाही नाही. नावं सगळी होती, ओळीनं हजारावर, पण प्रत्येक नावामागं राखाडी चौकोन. ती एकेक करून उघडत गेली. चहा गार झाला. पाखऱ्याच्या बारीचे चौसष्ट फोटो होते. चौसष्टच्या चौसष्ट राखाडी.

"काय झालं गं?" विठ्ठलांनी विचारलं.

"काही नाही. दादा काढून देईल," ती म्हणाली. तेव्हाही तिला हेच वाटलं.

सकाळच्या लोकलनं ती लोणावळ्याला गेली. कैलासदादानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, एक-दोन सॉफ्टवेअर फिरवून पाहिली, मान हलवली. "गेलं गं. होतं असं कधीकधी. नवी वस्तूसुद्धा दगा देते." चैताली स्टुलावर बसून रडायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. मी होतो ना काल? पाखऱ्याची बारी माझ्याकडं आहे. शेवटच्या दहा-बारा बाऱ्या आहेत. तुझ्या नावानं दे कमिटीला. कुणाला कळायचंय?" तिला तेव्हा इतकं भरून आलं की तिनं त्याचा हातच धरला.

तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं आणि तो उठून गेला. आतून त्याची बायको सारिकावहिनी चहा घेऊन आली. टेबलावरच्या कार्डाकडं तिचं लक्ष गेलं.

"अगंबाई, हे इथं कसं? हे परत नाही का पाठवलं ह्यांनी?"

"कुठलं वहिनी?"

"हे नारंगी. चार आलेली एका खोक्यात, स्वस्तात म्हणून घेतली ह्यांनी. चारही तसलीच निघाली. वर एकशे अठ्ठावीस लिहिलंय आणि पोटात आठसुद्धा धड नाही. भरलं की पुढचं सगळं हवेत. फेब्रुवारीत एका बारशाचे सगळे फोटो गेले ना ह्याच्यापायी, केवढी बोलणी खाल्ली आम्ही त्या लोकांची! मीच डबीत घालून बाजूला ठेवली होती, चुकून कुणी वापरू नये म्हणून." मग तिनं चैतालीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिचा हात कपावरच थांबला. "तुला कुणी दिलं?"

चैतालीनं बाहेर, दादाच्या आवाजाच्या दिशेला पाहिलं. वहिनीला उत्तर समजलं असावं. ती कप तसाच ठेवून आत निघून गेली.

कैलासदादा परत आला तेव्हा चैताली उभी होती.

"दादा, हे कार्ड खोटं आहे हे तुला माहीत होतं?"

"काय? कुणी सांगितलं?"

"फेब्रुवारीत बारशाचे फोटो गेले तुझे."

त्यानं आतल्या दाराकडं पाहिलं. मग खुर्चीत बसला, माउस इकडून तिकडं सरकवला. "चारातलं एखादं चांगलं असेल असं वाटलं मला."

"एखादं?"

"असतं ना कधीकधी."

"मग स्वतः का नाही घेऊन गेलास ते? मला म्हणालास, माझ्यासाठी मागवलंय. वेग सांगितलास. ओवाळणी म्हणालास." तिचा आवाज चढत नव्हता, ह्याचं तिलाच नवल वाटत होतं. "आणि साखरपुडा होता तुझा खंडाळ्याला."

"सकाळीच संपला."

"होता का?"

रस्त्यावरून चिक्कीच्या दुकानासमोर थांबलेल्या बसचा हॉर्न वाजत राहिला. मग तो एकदम बोलायला लागला, तिच्याकडं न बघता. "पंधरा वर्षं, चैताली. पंधरा वर्षं त्या घाटावर धूळ खाल्ली मी. वळवाच्या पावसात पदरचं पेट्रोल घालून गेलो. निवृत्तीनं मला फोनसुद्धा केला नाही. तू येऊन सांगितलंस, वडापाव खाल्लास आणि पुन्हा येऊन वही उघडलीस माझ्यापुढं. मला वेग शिकवत होतीस तू. मला!" तो थांबला. "मला वाटलं, दोन-चार बाऱ्या जातील. कमिटी कुरकुर करेल. पुढच्या वर्षी परत दोघं मिळून जाऊ, पहिल्यासारखं. आबांचा फोटो जावा असं नव्हतं माझ्या मनात. म्हणून तर आलो ना मी तिथं?"

हे ऐकून तिला वाटलं होतं त्याहून वाईट वाटलं. म्हणजे त्यानं सगळा विचार केला होता. तिचे फोटो जाणार हे धरून तो घाटाच्या पलीकडं उभा राहिला होता, आणि तिच्याकडं बघून त्यानं हात वर केला होता.

"तू मला नाही म्हणाला असतास तर मी काम सोडलं असतं दादा," ती म्हणाली. "एका शब्दावर सोडलं असतं."

"म्हणूनच म्हणता आलं नाही," तो म्हणाला.

तिनं कार्ड उचललं, पिशवीत टाकलं आणि बाहेर पडली.

दोन दिवस ती घरात पडून होती. तिसऱ्या दिवशी विठ्ठल उशाशी येऊन बसले. त्यांनी काय झालं ते सगळं ऐकून घेतलं होतं.

"आमच्याकडं लाइनीवर कसं असायचं," ते म्हणाले. "शेजारच्या बीटचा कीमन सांगून जायचा, ह्या चाव्या मी ठोकल्यात. चांगला मानूस, संगं डबा खायाचो आमी. तरीबी मी त्या परत ठोकून बघायचो. त्याचा राग यायचा न्हाई त्याला. वरनं गाडी जानार असती."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मला काय म्हायती, फोटूतबी चाव्या असत्यात?" ते म्हणाले, आणि त्यांनी तिला उठवलं. "आबांना जाऊन तोंडानं सांग. फोनवर नगं."

ती गेली. आबांच्या घरी पडवीत पाऊल टाकलं आणि तिला समोरच्या भिंतीवर तो दिसला. मोठ्या फ्रेममध्ये, काचेमागं, पाखऱ्या. कैलास आदल्याच दिवशी येऊन देऊन गेला होता. फोटो चांगला होता. पण एक खूर जमिनीला टेकलेला होता आणि धुळीत मागचे पाय नीट दिसत नव्हते. बैलांच्या पलीकडं, निशाणाच्या काठीशी, गुडघ्यावर बसलेली ती स्वतः होती. कॅमेरा डोळ्याला लावलेला, तोंड अर्धं झाकलेलं.

"बग की, ह्यात तूबी हाईस," आबा म्हणाले. "कैलास म्हनला तुजं मशीन बिगडलं."

"मशीन नाही आबा. कार्ड खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे माहीत असून त्यानं मला दिलं."

तिनं सगळं सांगितलं. आबा ऐकत होते. त्यांची बायको रतनबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर आबांची नजर पुन्हा भिंतीवरच्या फोटोकडं गेली.

"त्यो पंदरा वर्सं येतोय गं आमच्यात," ते हळूच म्हणाले. "लग्नाकार्याला आलाय. चुकून दिलं आसंल त्यानं."

"चुकून नाही दिलं. त्यानं तोंडानं कबूल केलं."

"आसंल बाय. न्हाई म्हनत न्हाई मी." पण त्यांचे डोळे तिच्याकडं आले नाहीत. त्यांना तो फोटो हवा होता. तो भिंतीवर होता. त्याच्यावर डाग पडू नये असं त्यांना वाटत होतं, आणि हे चैतालीला इतकं स्पष्ट दिसलं की ती चपला घालायला वळली.

रतनबाई तिला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. "माझा इस्वास हाय तुज्यावर," त्या म्हणाल्या. "पर ह्यांस्नी आता काय बोलू नगंस. बैल बांदून ठिवल्यापास्नं जेवन ग्वाड लागंना त्यांना."

कमिटीला तिनं सकाळचे जेवढे फोटो वाचले होते तेवढे दिले आणि मोबदला घेतला नाही. निवृत्तीभाऊ म्हणाले, "बगू पुढच्या साली." महिन्याभरात तिच्या कानावर आलं की कैलासदादा लोकांना सांगतोय, पोरगी हुशार आहे, पण अजून अनुभव नाही; साधं कार्ड पारखता येत नाही. हे ऐकलं त्या दिवशी मात्र ती रडली नाही. घरातल्या भांड्यांवर राग काढला आणि आईकडून ओरडा खाल्ला.

नंतर ती पुण्याला जाऊन चौसष्ट जीबीचं कार्ड घेऊन आली. लॅपटॉप सोबत नेला होता. काउंटरवरच ते पूर्ण भरून, परत वाचून पाहिलं. दुकानदार पाऊण तास तोंड वाकडं करून बसला होता, मधेमधे म्हणत होता, मॅडम, ओरिजिनल आहे, लिहून देतो. शेवटचा फोटो उघडला तेव्हाच ती उठली.

पुढच्या माघात पवनेच्या बाजूच्या एका गावानं तिला बोलावलं. ती घाटाच्या डाव्या अंगाला बसली. पहिला गाडा सुटला, तिनं बटण दाबलं, अडलं नाही. बारी संपल्यावर ती कॅमेरा खाली घेऊन पडद्यावर एकेक फोटो मागं नेऊन बघायला लागली. आहेत ना. उघडतात ना. हा आहे, हाही आहे. कोपऱ्यातल्या आकड्याकडं बघितलं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

माणसांचा ओरडा कानावर आला तेव्हा तिनं मान वर केली. दुसरा गाडा निशाणाखालून निघून गेला होता आणि धूळ खाली बसत होती.